मॅक्रे, एबेनेझर जेम्स

मॅक्रे, एबेनेझर जेम्स : (१८८१–१९५१). स्कॉटिश वास्तुविशारद व एडिंबरो नगरपालिकेचा नगर-वास्तुविशारद (१९२५–४६). दोन महायुद्धांच्या मधल्या काळात एडिंबरो नगरपालिकेने कामगारांसाठी व गरीब वर्गासाठी जी हजारो घरे बांधली, त्यांपैकी बरीचशी त्याच्या अखत्यारीत उभी राहिली. नगरपालिकेच्या सेवेतील अधिकारी म्हणून त्याने आयुष्यभर काम केले. त्यामुळे इमारती सर्वांच्या परिचयाच्या आणि त्यांचा रचनाकार मात्र अपरिचित, अशी त्याची स्थिती दीर्घकाळ राहिली. गरिबांसाठी बांधायचे घर किती टिकाऊ असावे, ते शहरात असावे की शहराबाहेर आणि जुनी वस्ती पाडावी की राखावी, हे प्रश्न त्याच्या कारकीर्दीत वारंवार उभे राहिले. त्यांना त्याने ठिकठिकाणी दिलेल्या वेगवेगळ्या उत्तरांचे परिणाम पुढील पाऊणशे वर्षांत स्पष्ट झाले. या दृष्टीने त्याचे कार्य स्कॉटलंडच्या गृहनिवसनाच्या इतिहासात अभ्यसनीय ठरते.

पार्श्वभूमी : स्कॉटलंडमधील शहरी घरांचा प्रश्न इंग्लंडमधील प्रश्नाहून मुळातच वेगळा होता. इंग्लंडमधील कामगार सामान्यतः एकमेकांना लागून असलेल्या बैठ्या किंवा दुमजली घरांच्या रांगांत राही; स्कॉटलंडमधील कामगार दगडी, बहुमजली भाडोत्री इमारतींत राही. या इमारतींना ‘टेनेमेंट’ म्हणतात. एका सामायिक जिन्याभोवती प्रत्येक मजल्यावर दोन, तीन किंवा अधिक बिऱ्हाडे, अशी त्यांची रचना असे. एका खोलीचे घर आणि खोली-स्वयंपाकघर असे दोन खोल्यांचे घर, हे त्यांतील सर्वांत प्रचलित प्रकार होत. झोपण्यासाठी भिंतीतच खोल कोनाडा ठेवलेला असे व शौचकूप बहुधा जिन्यावर अनेक कुटुंबांत मिळून एक असे. १९११ च्या जनगणनेनुसार स्कॉटलंडची जवळजवळ निम्मी लोकसंख्या एक किंवा दोन खोल्यांच्या घरांत राहत होती; इंग्लंडमध्ये हे प्रमाण सु. ७ टक्के होते.

या फरकामागे हवामान, दगडाची विपुलता आणि जुनी नागरी परंपरा ही कारणे होतीच. परंतु जमिनीच्या मालकीची पद्धत हे एक महत्त्वाचे कारण होते. स्कॉटलंडमध्ये मूळ जमीनमालक आपली जमीन बांधकामासाठी कायमची देऊन टाकी आणि तिच्यावर दरसाल ठरावीक रक्कम कायमची वसूल करी. ‘फ्यू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत ही रक्कम पुढे वाढविणे सहसा शक्य नसल्याने मालक प्रारंभीच ती जास्तीत जास्त ठरवून घेई. त्यामुळे थोड्या जागेवर अधिकाधिक भाडेकरू बसविल्याशिवाय बांधणाऱ्याला परवडत नसे. मजले वाढले आणि खोल्या मात्र कमी झाल्या.

एडिंबरोत या परिस्थितीला भूगोलाचीही जोड मिळाली. जुने शहर किल्ल्यापासून हॉलीरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणाऱ्या एका अरुंद डोंगरकण्यावर वसलेले आहे. या कण्यावरचा सलग रस्ता म्हणजेच ‘रॉयल माइल’. त्याच्या दोन्ही बाजूंना काटकोनात निघणाऱ्या, ‘क्लोज’ नावाच्या बोळांत उंच दगडी इमारती दाटीवाटीने उभ्या राहिल्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तरेस आखीव नवे शहर वसू लागताच सधन कुटुंबे तिकडे गेली आणि त्यांची जुनी घरे खोल्याखोल्यांनी भाड्याने दिली जाऊ लागली. २४ नोव्हेंबर १८६१ च्या पहाटे हाय स्ट्रीटवरील अशीच एक जुनी इमारत कोसळून ३५ माणसे मृत्युमुखी पडली. ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्या एका मुलाची मुखाकृती तेथे नंतर उभारलेल्या इमारतीच्या प्रवेशकमानीवर कोरलेली आहे. या दुर्घटनेनंतर १८६२ मध्ये हेन्री लिटलजॉन याची शहराचा पहिला आरोग्याधिकारी म्हणून नेमणूक झाली आणि त्याने १८६५ मध्ये शहराच्या आरोग्यस्थितीवर सविस्तर अहवाल सादर केला. त्याच्या आधारे १८६७ चा नगरसुधारणा अधिनियम संमत झाला. त्यानुसार अनेक बोळ पाडून रुंद रस्ते काढण्यात आले. मात्र उठवलेल्या कुटुंबांना पर्यायी घरे देण्याची जबाबदारी नगरपालिकेने प्रत्यक्षात घेतली नाही. ही कुटुंबे शेजारच्या बोळांत शिरली आणि एका ठिकाणची दाटी दुसरीकडे गेली. गलिच्छ वस्ती पाडणे आणि तेथील रहिवाशांना घर देणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा धडा एडिंबरोला त्या वेळी मिळाला.

याच जुन्या शहरात जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकार पॅट्रिक गेडिस याने १८८० च्या दशकात वेगळा मार्ग अनुसरला. जेम्स कोर्ट येथील जुन्या इमारतीत तो स्वतः सपत्नीक राहावयास गेला. शेजाऱ्यांच्या साहाय्याने त्याने साफसफाई, रंगसफेदी व दुरुस्ती यांस आरंभ केला. संपूर्ण भाग जमीनदोस्त करण्याऐवजी निवडक मोडकळीस आलेली घरे काढून उजेड व हवा यांना वाट करून द्यावी आणि उरलेली वस्ती जपावी, असे त्याचे प्रतिपादन होते. हाच विचार त्याने पुढे भारतातील शहरांविषयीच्या अहवालांत मांडला. १९१५ मध्ये त्याने मुंबई इलाख्यातील काही गावांची पाहणी करून अहवाल लिहिले आणि १९१९ ते १९२४ या काळात तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचा प्राध्यापक होता. एडिंबरोत मात्र वस्ती पाडणे आणि वस्ती राखणे या दोन विचारसरणी शेजारी शेजारी नांदत राहिल्या. मॅक्रेला त्या दोन्हींचा वारसा मिळाला.

शासकीय धोरणातील बदल : विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या उत्तरार्धात खाजगी टेनेमेंट-बांधकाम जवळजवळ थांबले. घरांच्या टंचाईने असंतोष वाढू लागला. तेव्हा १९१२ मध्ये सर हेन्री बॅलंटाइन याच्या अध्यक्षतेखाली स्कॉटलंडमधील औद्योगिक लोकसंख्येच्या घरांविषयी एक शाही आयोग नेमण्यात आला. आयोगाचे काम चालू असतानाच महायुद्ध सुरू झाले. १९१५ मध्ये ग्लासगो येथे भाडेवाढीविरुद्ध स्त्रियांच्या पुढाकाराने मोठा भाडेबंदी लढा झाला आणि त्याची परिणती त्याच वर्षीच्या भाडेनियंत्रण अधिनियमात झाली. आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्कॉटलंडला सु. २,३६,००० नव्या घरांची गरज आहे आणि खाजगी भांडवलाकडून ती भागणे शक्य नसल्याने शासनाने स्थानिक संस्थांमार्फत ही जबाबदारी स्वीकारावी, असा त्यातील बहुमताचा निष्कर्ष होता.

१९१९ च्या अधिनियमाने ही जबाबदारी कायद्यात आली. स्थानिक करातून ठरावीक मर्यादेपर्यंतच तोटा सोसावयाचा व उरलेला खर्च राजकोषातून मिळावयाचा, अशी या अधिनियमाची तरतूद होती. साहजिकच पहिल्या घरांचा दर्जा चांगला राहिला. इंग्लंडमधील उद्याननगर चळवळीच्या प्रभावाने एका एकरात सु. १२ घरे, प्रत्येकापुढे बाग, असा आदर्श स्वीकारण्यात आला. डंडी येथे नगर-वास्तुविशारद जेम्स टॉमसन याच्या योजनेनुसार १९१९-२० मध्ये उभारलेली लोगी वसाहत ही स्कॉटलंडमधील या प्रकारची पहिली वसाहत होय. तेथे सर्व घरांना एका केंद्रातून उष्णता पुरविण्याची सोय होती. परंतु १९२१ मध्ये खर्चकपातीमुळे ही उदार योजना गुंडाळण्यात आली. १९२३ च्या अधिनियमाने प्रत्येक घरामागे दरसाल ६ पौंड २० वर्षे, तर मजूर पक्षाचा मंत्री जॉन व्हीटली याच्या १९२४ च्या अधिनियमाने दरसाल ९ पौंड ४० वर्षे, असे अनुदान ठरविले. यापुढे अनुदानाचा आकडा निश्चित झाला. बांधकामाचा खर्च आणि भाडे यांचा मेळ घालणे हे वास्तुविशारदाचे काम होऊन बसले.

सेवाकाल : मॅक्रे पहिल्या महायुद्धापूर्वीच एडिंबरो नगरपालिकेच्या सेवेत दाखल झाला होता. १९२५ मध्ये नगर-वास्तुविशारद जेम्स विल्यमसन निवृत्त झाल्यावर त्या पदावर त्याची नेमणूक झाली. हा काळ शहराच्या विस्ताराचा होता. १९२० मध्ये लीथ हे स्वतंत्र बंदर-शहर आणि लिबर्टन, कॉलिंटन, कॉस्टॉर्फिन व क्रॅमंड ही आसपासची गावे एडिंबरोत समाविष्ट झाली होती. लीथच्या नागरिकांनी सार्वमतात प्रचंड बहुमताने विरोध नोंदवूनही हे विलीनीकरण झाले. त्यामुळे बांधकामासाठी नगरपालिकेच्या हद्दीत विस्तीर्ण मोकळी जमीन आली.

दोन महायुद्धांच्या दरम्यान संपूर्ण स्कॉटलंडमध्ये बांधल्या गेलेल्या घरांपैकी सु. दोन-तृतीयांश घरे स्थानिक संस्थांची होती; इंग्लंड व वेल्समध्ये हे प्रमाण एक-चतुर्थांशाच्या आसपास होते. एडिंबरो मात्र याला काहीसा अपवाद होते. वकील, बँकर, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांचे हे शहर असल्यामुळे खाजगी बंगल्यांना येथे मोठी मागणी होती आणि १९२३ च्या अधिनियमाचा लाभ खाजगी बांधकाम व्यावसायिकांनाही सढळपणे देण्यात आला. नगरपालिकेने बांधावयाची घरे उत्तरोत्तर केवळ अल्प उत्पन्नगटासाठी असावीत, अशी येथील सत्ताधाऱ्यांची भूमिका राहिली. अशा मर्यादेत राहूनही मॅक्रेच्या सेवाकालात नगरपालिकेच्या घरांची संख्या दहा हजारांवर गेली.

त्याच्या विभागाने दोन प्रमुख नमुने वापरले. पहिला चार घरांच्या जोडइमारतीचा. तीत दोन घरे तळमजल्यावर व दोन वरच्या मजल्यावर असत. प्रत्येकास स्वतंत्र दार व बागेचा तुकडा मिळे. बाहेरून हा प्रशस्त दुमजली बंगला वाटे. १९२० च्या दशकातील वसाहतींत या नमुन्याचा वापर विपुल प्रमाणात आढळतो. दुसरा नमुना तीनमजली टेनेमेंटचा. जुन्या चार-पाच मजली टेनेमेंटमधील अंधारा जिना, सामायिक शौचकूप आणि बिछान्याचे कोनाडे काढून टाकून त्याने तिचे नवे रूप सिद्ध केले. एका जिन्यावर बहुधा सहा बिऱ्हाडे, प्रत्येक घरात न्हाणीघर व शौचकूप, समोरासमोर खिडक्यांमुळे आरपार वारा आणि मागे कपडे वाळविण्यासाठी सामायिक हिरवळ, ही त्याची वैशिष्ट्ये होत. एक-दोन खोल्यांत संसार केलेल्या कुटुंबाला घरात वाहते पाणी असलेले न्हाणीघर मिळणे, हा त्याच्या दैनंदिन जीवनातील फार मोठा बदल होता.

निड्री मेन्स : १९३० च्या अधिनियमाने धोरणाची दिशा बदलली. पूर्वी अनुदान घरामागे मिळे. आता ते गलिच्छ वस्तीतून हलविलेल्या प्रत्येक माणसामागे मिळू लागले. पुढे व्हीटली अधिनियमाचे सर्वसाधारण अनुदान बंद करण्यात आले. याचा परिणाम दुहेरी झाला. एकीकडे सर्वांत गरीब कुटुंबांपर्यंत शासकीय घर प्रथमच पोहोचले; दुसरीकडे ही घरे ‘उठवलेल्यांची घरे’ म्हणून वेगळी ओळखू येऊ लागली. या भाडेकरूंना अधिक भाडे परवडणार नाही हे गृहीत धरून घराचा खर्च शक्य तितका खाली आणण्यात आला. ग्लासगो नगरपालिकेने तर आपल्या वसाहतींची सर्वसाधारण, मध्यम व पुनर्वसन अशी उघड वर्गवारीच केली होती. एडिंबरोत अशी नावे रूढ झाली नाहीत, पण व्यवहारात भेद तोच राहिला.

शहराच्या आग्नेय कडेला, मध्यवर्ती भागापासून सु. ५ किमी. अंतरावर, क्रेगमिलर येथील निड्री मेन्स ही या काळातील सर्वांत मोठ्या पुनर्वसन वसाहतींपैकी एक होय. सेंट लेनर्ड्‌स, कॅननगेट, लीथ अशा दाट वस्त्यांतील कुटुंबे येथे आणण्यात आली. तीनमजली, विटांच्या भिंतींवर खडबडीत गिलावा दिलेल्या एकसारख्या इमारतींच्या रांगा असे तिचे स्वरूप होते. घरे स्वतः वाईट नव्हती. उजेड, हवा, न्हाणीघर व शौचकूप या कसोट्यांवर ती जुन्या घरांहून निश्चितच सरस होती. परंतु दुकाने, सभागृहे व करमणुकीची साधने बांधकामाच्या मागे राहिली. जुन्या वस्तीत आजी, मावशी व शेजारीण यांच्या आधाराने चालणारे संसार एकाएकी सुटे झाले. कामाच्या, नातेवाइकांच्या आणि बाजाराच्या ठिकाणी जाण्यासाठी भाडे मोजावे लागू लागले. उत्पन्नाचा एकच स्तर असलेली हजारो कुटुंबे एका जागी एकत्र आल्यामुळे बेकारीची लाट आली की ती संपूर्ण वसाहतीवर एकदमच येई. पत्ता सांगताच नोकरी नाकारली जाण्याचे अनुभव अशा वसाहतींतील रहिवाशांना पुढे अनेक वर्षे येत राहिले.

हा दोष केवळ आराखड्याचा नव्हता. अनुदान घराला व माणसाला मिळे, वस्तीला मिळत नसे; म्हणजेच भिंती आणि छप्पर यांसाठी निधी होता, सार्वजनिक जीवनासाठी नव्हता. तरीसुद्धा एवढी मोठी आणि एकाच वर्गाची वस्ती शहराच्या कडेला वसविण्याचा निर्णय नगरपालिकेचा होता आणि त्याला आकार देणारा मॅक्रे होता. ही जबाबदारी त्याच्या मूल्यमापनातून वगळता येत नाही.

दगडी टेनेमेंट : मॅक्रेच्या कार्याची दुसरी बाजू शहराच्या अंतर्भागात दिसते. एडिंबरो हे घडीव दगडाचे शहर असून जुने आणि नवे अशा दोन्ही भागांची एकात्मता त्या दगडावर अवलंबून आहे, अशी त्याची धारणा होती. महायुद्धानंतर दगड महाग झाला. जवळच्या क्रेगलीथ खाणीतील उत्तम दगड जवळजवळ संपला होता आणि कुशल पाथरवटही कमी झाले होते. बाहेरच्या वसाहतींत त्याने वीट व गिलावा स्वीकारला; परंतु जुन्या शहरात व त्याच्या दक्षिण भागात पाडलेल्या घरांच्या जागी नवी नगरपालिका-घरे बांधताना दर्शनी भाग दगडीच ठेवण्याचा आग्रह धरला. पुष्कळदा रस्त्याकडील बाजू दगडी आणि मागील बाजू गिलाव्याची, अशी तडजोड करण्यात आली. या इमारतींची उंची शेजारच्या जुन्या इमारतींशी जुळती आहे, खिडक्या उभ्या व प्रमाणबद्ध आहेत आणि छपरे उतरती आहेत. अलंकरण जवळजवळ नाही. त्या रस्त्याच्या जुन्या रांगेत अशा मिसळून गेल्या आहेत, की त्या नगरपालिकेने गरिबांसाठी बांधल्या हे अनेकांच्या लक्षातही येत नाही.

या प्रवाहातील त्याची सर्वांत महत्त्वाची रचना म्हणजे पिअर्सहिल (१९३७-३८). शहराच्या पूर्वेस अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली घोडदळाची छावणी होती. ती १९३४ मध्ये पाडण्यात आली आणि तिचा दगड नव्या घरांसाठी पुन्हा वापरण्यात आला. रांगांमागून रांगा उभ्या करण्याऐवजी येथे घरे दोन विशाल चौकांभोवती नालाकृती मांडणीत बसविली आहेत. चौकाची एक बाजू उघडी असल्याने ऊन आत येते, मुलांना रहदारीपासून दूर खेळता येते आणि प्रत्येक खिडकीतून त्यांच्यावर लक्ष राहते. स्कॉटलंडच्या आरोग्य खात्याने यूरोप खंडातील कामगार-घरांविषयीचा एक अहवाल १९३५ मध्ये प्रसिद्ध केला होता. व्हिएन्ना, ॲम्स्टरडॅम इ. शहरांतील प्रशस्त चौकांभोवतीच्या वसाहतींकडे त्यामुळे स्कॉटिश नगरपालिकांचे लक्ष वेधले गेले होते. पिअर्सहिलच्या मांडणीचे या वसाहतींशी असलेले साम्य स्पष्ट आहे. मात्र दगड, जिना व छप्पर या बाबतींत ती पूर्णपणे एडिंबरोची आहे.

त्याच काळात, १९३५ च्या अधिनियमाने अतिगर्दीची कायदेशीर व्याख्या करून पाहणी बंधनकारक केली. या पाहणीत स्कॉटलंडमधील सु. २२ टक्के घरे अतिगर्दीची आढळली. इंग्लंडमध्ये हे प्रमाण ४ टक्क्यांहूनही कमी होते. आयोगाच्या अहवालानंतर अठरा वर्षे बांधकाम चालूनही मूळ अंतर किती थोडे कमी झाले होते, हे यावरून दिसते. या निकडीतून वेस्ट पिल्टनसारख्या आणखी मोठ्या वसाहती हाती घेण्यात आल्या. त्यांचे काम दुसऱ्या महायुद्धामुळे खंडित झाले.

इतर कार्य : नगर-वास्तुविशारद या नात्याने सार्वजनिक उपयोगाच्या अनेक लहानमोठ्या बांधकामांची जबाबदारी मॅक्रेकडे होती. त्यांपैकी सर्वांत परिचित म्हणजे एडिंबरोच्या पोलीस चौक्या. गस्तीवरील शिपायाला मुख्य ठाण्याशी दूरध्वनीने संपर्क साधता यावा आणि घटकाभर विसावा मिळावा, यासाठी अशा लहान चौक्या त्या सुमारास ब्रिटनमधील अनेक शहरांत बसविल्या जात होत्या. लंडनमध्ये गिल्बर्ट मॅकेंझी ट्रेंच याने १९२९ मध्ये केलेला काँक्रीटचा नमुना वापरात आला. एडिंबरोसाठी मॅक्रेने निराळा नमुना केला. फॉलकर्कजवळच्या कॅरन लोखंड कारखान्यात ओतलेल्या या बिडाच्या चौक्यांना अभिजात शैलीचे त्रिकोणी शिर, उथळ स्तंभ आणि स्कॉटलंडच्या तिरप्या क्रुसाचे चिन्ह आहे. १९३३ मध्ये त्या वापरात आल्या. नव्या शहरातील अभिजात इमारतींसमोर त्या उपऱ्या वाटू नयेत, ही त्यामागील दृष्टी होती. बिनतारी संदेशवहन रूढ झाल्यावर त्यांचा मूळ उपयोग संपला. तरी अनेक चौक्या जागेवर राहिल्या आणि त्यांपैकी काहींत कॉफीची छोटी दुकाने थाटण्यात आली.

जुन्या शहराचे जतन हा त्याच्या आस्थेचा विषय होता. रॉयल माइलवरील जुन्या इमारतींची पाहणी करून त्याने १९४५ मध्ये ‘द रॉयल माइल’ हा अहवाल नगरपालिकेस सादर केला. निवृत्तीनंतर, १९४७ मध्ये बृहत् एडिंबरोच्या वारशाविषयीचा त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. कोणत्या इमारती राखण्यायोग्य आहेत याची पद्धतशीर नोंद करणे आणि जुन्या इमारतींत लोक राहते ठेवणे, या दोन्ही गोष्टींवर त्याचा भर होता. रिकामी, केवळ प्रेक्षणीय अशी जुनी पेठ त्याला अभिप्रेत नव्हती. १९४९ मध्ये पॅट्रिक ॲबरक्राँबी व डेरेक प्लमस्टेड यांनी एडिंबरोची जी बृहत् योजना सादर केली, तिच्यात मोठे रस्ते आणि व्यापक पुनर्रचना यांवर भर होता. तिचा बराचसा भाग अंमलात आला नाही. उलट १९५० च्या दशकात रॉबर्ट हर्ड याने कॅननगेटमध्ये जुन्या दर्शनी भागांमागे नवी नगरपालिका-घरे बसवून जे पुनरुज्जीवन केले, ते मॅक्रेने धरलेल्या वाटेवरचे पुढील पाऊल होते.

मूल्यमापन : मॅक्रे १९४६ मध्ये निवृत्त झाला आणि १९५१ मध्ये त्याचे निधन झाले. त्यानंतरच्या काळात ब्रिटनमध्ये उंच काँक्रीट इमारतींचे पर्व आले आणि त्याच्या संयत, परंपरानिष्ठ शैलीकडे कालबाह्य म्हणून दुर्लक्ष झाले. आधुनिक वास्तुशैलीचा तो प्रवर्तक नव्हता. नव्या तत्त्वांचा पुरस्कार करणारे लेखनही त्याने केले नाही. त्याचे कर्तृत्व काटेकोर अंदाजपत्रकात राहून प्रमाण, साहित्य व रस्त्याची रेषा यांचे भान न सोडण्यात आहे.

त्याच्या दोन वसाहतींची पुढील वाटचाल एकमेकींशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. निड्री मेन्सच्या रहिवाशांनी उणिवा स्वतःच भरून काढण्याचा प्रयत्न केला. १९६२ मध्ये क्रेगमिलरमधील मातांनी, आपल्या मुलांना शाळेत संगीत शिकण्याची संधी मिळत नाही या खंतीतून, लोकमहोत्सव सुरू केला आणि त्यातून उभी राहिलेली संस्था सामुदायिक कलाकार्याचा आदर्श म्हणून ब्रिटनबाहेरही ओळखली गेली. तरीही इमारतींची दुरवस्था आणि बेकारी यांमुळे वस्ती ओस पडत गेली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस व एकविसाव्या शतकाच्या आरंभी निड्री मेन्सचा बहुतेक भाग पाडण्यात आला. पिअर्सहिलचे चौक आणि शहराच्या अंतर्भागातील दगडी टेनेमेंट मात्र उभे राहिले व त्यांत लोक राहत आहेत. रचनाकार तोच, नगरपालिका तीच आणि बांधकामाचा काळही जवळजवळ तोच. फरक होता तो जागेचा, साहित्याचा आणि भोवतालच्या शहराशी असलेल्या नात्याचा. एक वस्ती बाजार, शाळा व वाहतूक आधीच असलेल्या शहरात टिकाऊ दगडाने विणली गेली. दुसरीला ते सर्व नंतर मिळेल असे गृहीत धरले गेले.

कमी खर्चात अधिक घरे हे उद्दिष्ट ज्या ज्या देशांतील नगरसंस्थांपुढे असते, त्या सर्वांना या अनुभवाचे महत्त्व आहे. दगडी भिंतीचा जादा खर्च १९३० च्या दशकातील हिशेबनिसांना डोईजड वाटला होता. पाडकाम, पुनर्वसन आणि पुन्हा बांधकाम यांचा खर्च त्या हिशेबात धरलेला नव्हता. मॅक्रेच्या उत्तम इमारतींनी हा हिशेब दीर्घ मुदतीत पूर्ण करून दाखविला. त्याच्या दुर्बल वसाहतींनी तो अपुरा असल्याचे सिद्ध केले.